पेव

सन्मतीनं माधवनगरला खोली घेतली भाड्यानं.
त्याची आई म्हणाली होती,
उंदीर ज्या फ्रीजमध्ये, त्या घरात मी पाणीसुद्धा गाळणार नाही.
मी बोललो नाही.
सदतीस वर्षं हळदीच्या अडतीत दिवाणजी,
भाव फुटेपर्यंत गप्प बसायची सवय.

दारातच म्हणाला, हात धुवा पप्पा, साबणानं, दोनदा.
हळदीचा वास नको त्यांना.

बेकरीत पावाचे असतात तसे ट्रे, भिंतभर.
प्रत्येकावर चिकटपट्टी: तारीख, वजन, आईबाप.
माझ्या खतावणीपेक्षा अक्षर स्वच्छ.
आफ्रिकेतले अजगर. घाबरले की
डोकं मधे घेऊन चेंडू होतात.
मला बरं वाटलं ते. पेठेत असं करता येत नाही.

हा पिवळा कितीला?
पंधरा हजार. मी सुरू केलं तेव्हा दीड लाख होता.
का पडला?
सगळ्यांकडं पिल्लं निघाली.
एवढं मला कळतं.
निजामाबादचा माल उतरला की
आमच्या राजापुरीचंही तोंड उतरतं.

मादी महाग, तीन वर्षं नुसती खाते, मग अंडी.
नर एक पाचजणींना पुरतो,
म्हणून त्याला कोण विचारतो.
पहिली कात टाकून जो आपणहून खातो त्याला भाव,
वनखात्याच्या नोंदीचा कागद असेल तर आणखी,
आणि फोटोत मान सरळ आली तर, हसू नका पप्पा,
तर त्याचाही.

मग एक मातकट. ढेकळासारखा.
हा?
साठ.
साठ रुपये?
साठ हजार. याच्या आत दुसरंच आहे. दिसत नाही.
मग कशावरून?
बाप तसा होता. बाप तसा असला की
पोरात असतंच, फक्त वर येत नाही.
असं म्हणून तो ट्रे पुसत राहिला.
मी दुसरीकडं पाहिलं.

शेजारच्यात मात्र निम्मी खात्री.
त्याला 'आहे' म्हणून विकत नाही मी,
'असेल' म्हणून विकतो.
'असेल'चा भाव वेगळा.

हरिपूरची पेवं आठवली.
वर नुसती माती, गवत, एखादी शेळी,
खाली अंधारात पिवळं.
पेव न उघडता पावती फिरायची
या पेढीवरून त्या पेढीवर, तीन तीन मालक,
कुणी आत डोकावलेलं नाही.
पुराच्या साली उघडली तेव्हा
काहींत काळा चिखल निघाला.
पावतीवर शाई तशीच होती.

शेवटच्या ट्रेत एक, अंगावर जाळीची नक्षी,
देखणा. पण मान डुलत होती,
पाण्याची वाटी दोनदा चुकली.
ही नक्षी हवी तर हा झोका येतोच, म्हणाला,
दोन्ही एकाच जागी लिहिलंय.
एके काळी लोक रांगेत होते याच्यासाठी.
आणि आता?
आता कळलंय लोकांना.
तुला कधी कळलं?
तो म्हणाला, उशिरा.

उजेड नको त्याला, म्हणून
माझ्या हातावर पंचा टाकला आणि खाली ते पिल्लू सोडलं.

पूर्वी सौदे असेच व्हायचे, रुमालाखाली.
एक बोट म्हणजे शंभर, पंजा म्हणजे पाचशे,
चेहरा कोरा ठेवायचा.
यानं एक बोट धरलं. मग दोन.
सोडलं. डुललं. पुन्हा चाचपत तीन,
मग अख्खं मनगट.
असा भाव मला कुणी बोललेलं आठवत नाही.
चेहरा कोरा राहिला की नाही, सन्मतीला विचारा.

घरी पोचलो तेव्हा दिवस बुडायला पाऊण तास होता.
पद्मानं ताट वाढलं, माझे हात पाहिले.
आज पिवळे नाहीत, म्हणाली.
नाहीत.
खाल्लं का त्यानं काही?
मी म्हटलं, कुणी?
ती भाकरी मोडत म्हणाली, सन्मतीनं.